हॉब्सन-जॉब्सन आणि आमचा हैदोस

मास्तरकी करणाऱ्यास ‘हैदोस’ हा शब्द रोज लागतो. मधल्या सुटीची घंटा झाल्यावर जो कल्लोळ उठतो, त्याला दुसरे नाव मला तरी सुचत नाही. या शब्दाला एक गोरा भाऊ आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. त्याचे नाव हॉब्सन-जॉब्सन.

हेन्री यूल व बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीचा जो जाडजूड कोश रचला, त्यालाच हे नाव दिलेले आहे. कोश निघाला १८८६ साली. बर्नेल बिचारा १८८२ सालीच वारला होता. नाव ऐकून एखाद्या विलायती पेढीची पाटी डोळ्यांपुढे यावी! पण अर्थ पाहावा तर, एतद्देशीयांच्या सणातील जल्लोष, तमाशा, विशेषतः मोहरम. मिरवणुकीत छाती पिटीत जाणारे लोक ‘या हसन! या हुसेन!’ असा आक्रोश करीत. तो गोऱ्या सोजिरांच्या कानी पडला आणि त्यांच्या घरच्या दोन आडनावांचा वेष घेऊन ओठांवर आला. एका उडीत नव्हे. शिवकालात इकडे आलेला डॉक्टर फ्रायर ‘हॉसी गॉसी’ असे लिहितो. परका शब्द आपल्या जिभेच्या वळणावर आणण्याच्या या खोडीला भाषापंडित पुढे ‘हॉब्सन-जॉब्सनचा नियम’च म्हणू लागले.

पण मूळ हाक कसली? इ. स. ६८० मध्ये करबलेच्या मैदानात पैगंबरांचा नातू हुसेन मूठभर सोबत्यांसह, पाण्यावाचून तडफडत, मारला गेला. त्याचा तो शोक. सोजिरांना त्यात तमाशा दिसला.

त्यांना हसण्यापूर्वी आपण आपला शब्द तपासावा. हैदोस हीही मोहरमच्या फकिरांचीच आरोळी. ‘हाय दोस्त’ अशी तिची फोड करतात. जुनी माणसे ‘हैदोसदुल्ला’ असे सबंध म्हणत. म्हणजे आपणही रडण्याचा धिंगाणाच केला की! तथापि मला येथे एक भेद दिसतो. सोजीर रस्त्याच्या कडेला उभा होता. आपली माणसे मिरवणुकीत होती. दक्षिणेत हिंदूंनी ताबुतांना नवस केले, खांदे दिले, अंगावर पट्टे ओढून वाघही नाचविले. १८९३ च्या मुंबईच्या दंगलीनंतर, आणि पाठोपाठ गणपती चौकात आल्यावर, पुण्यामुंबईकडे हे ओसरले. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात मात्र माडीच्या वर जाणारे ताबूत निघतात, आणि ते उचलणाऱ्यांत दोन्ही धर्मांची माणसे असतात.