टेलिफोनच्या कारखान्यातले ऐकणे



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. तेव्हा ‘माणूस माणसाचे ऐकतो म्हणजे काय करतो’ हा विषय मानसशास्त्राच्या अंगाने मांडणे मला जमणार नाही. मी तो कारखान्याच्या अंगाने मांडतो. या प्रश्नाचा एक फार मोठा तपास कारखान्यातच झालेला आहे.

अमेरिकेत शिकागो शहराला लागून सिसेरो नावाचे गाव आहे. तेथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. टेलिफोनची यंत्रसामग्री तेथे तयार होई आणि हजारो माणसे कामाला होती. दूरच्या माणसाचा आवाज कानाशी आणून देणारा हा कारखाना. पण बाकावर काम करणाऱ्याचे बोलणे वरच्या मजल्यावरच्या साहेबाला ऐकू येत नव्हते.

सुरुवात झाली दिव्यांपासून. १९२४ साली प्रयोग काढला की उजेड वाढवला तर काम वाढते का. उजेड वाढवला, काम वाढले. मग कमी केला, तरी काम म्हणावे तसे घटेना. दोन मुलींनी तर जवळजवळ चांदण्याइतक्या उजेडात आपले काम चालू ठेवले. एकदा विजेच्या मिस्त्रीने दिवे काढून तितक्याच ताकदीचे दुसरे लावले. मुली म्हणाल्या, आता जास्त उजेड आहे, बरे वाटते! त्यांनी दिवा पाहिला नव्हता, मिस्त्रीला पाहिले होते.

१९२७ मध्ये सहा मुलींना वेगळ्या खोलीत बसवले. रिले हा टेलिफोनचा लहानसा भाग जोडण्याचे त्यांचे काम. विश्रांतीच्या वेळा बदलून पाहिल्या, कामाचे तास बदलून पाहिले. एक माणूस टिपणे घेत बसलेला. मोठ्या खात्यात बोलण्यास मनाई असे, येथे मोकळीक होती. उत्पादन वाढत गेले. पुस्तके सांगतात की आपल्याकडे कोणी लक्ष देते आहे, या भावनेने ते वाढले. परंतु वेतनाची पद्धतही त्याच वेळी बदलली होती. पूर्वी मोठ्या खात्याच्या एकूण कामावर पैसे मिळत, आता या लहान गटाच्याच कामावर मिळू लागले. शिवाय १९२८ च्या जानेवारीत दोन मुलींना त्या खोलीतून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या. त्या फार बोलतात आणि सहकार्य करीत नाहीत, ही तक्रार होती. ऐकण्याच्या इतिहासात ही गोष्ट सहसा एका ओळीत उरकतात. मला ती ओलांडून पुढे जाता येत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात मुलाखती सुरू झाल्या. १९३० पर्यंत २१,००० हून अधिक कामगारांशी बोलणे झाले. आरंभी ठराविक प्रश्न विचारत : मुकादम कसा आहे, काम कसे आहे. कामगार दोन शब्दांत उत्तर देई आणि मग भलतेच काही बोलू लागे. विचारणारा त्याला ओढून मूळ प्रश्नावर आणी. अखेर त्यांच्या ध्यानात आले की आपण ज्याला भलतेच म्हणतो तेच त्याला सांगायचे आहे. मग प्रश्न सोडले. वाद घालायचा नाही, उपदेश करायचा नाही, मध्ये तोडायचे नाही, असे नियम केले. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली.

यातून एक मोलाची गोष्ट हाती आली. दार मोडले आहे ही तक्रार कोणीही जाऊन पाहू शकतो. खोलीत फार उकडते, ही तक्रार तशी नव्हे. एकाच खोलीत एकाला उकडते, दुसऱ्याला नाही. एका कामगाराची तक्रार होती की नगामागचा दर कमी आहे. बोलता बोलता निघाले की बायको इस्पितळात आहे आणि डॉक्टरांची बिले चढली आहेत.

याबाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. एक जुना कामगार महिनाभर माझ्यामागे लागला होता की आमच्या खात्यात पंखा नाही. मी अर्ज केला, भांडलो, पंखा आला. हा गृहस्थ पूर्वीइतकाच चिडलेला! पुढे दुसऱ्याच कोणाकडून कळले की वीस वर्षे लेथ चालवणाऱ्या या माणसाला पॅकिंगला बसवले होते. ‘पंखा’ म्हणताना तो हेच सांगत होता. मी पंखाच ऐकला.

म्हणून हॉथॉर्नच्या मंडळींचे ऋण मी मानतो. पण भांडण येथूनच सुरू होते. बायकोच्या आजाराची गोष्ट कळल्यावर त्यांनी मानले की दराची तक्रार ही खरी तक्रार नव्हे, ती मनातली काळजी आहे. अहो, डॉक्टरांचे बिल मनातून फेडतात की पगारातून? एक बाई उपाहारगृहातल्या जेवणाबद्दल तावातावाने बोलली. थोड्या दिवसांनी भेटली तेव्हा तिने आभार मानले : जेवण किती सुधारले! वस्तुतः काहीच बदलले नव्हते. मालकाच्या दृष्टीने याहून स्वस्त तोडगा कोणता?

१९३१ च्या नोव्हेंबरात १४ पुरुष कामगारांच्या एका गटाचे निरीक्षण सुरू झाले. हे लोक ठरवून मर्यादेतच काम करीत. फार केले तर दर कापतील आणि माणसे कमी करतील, ही त्यांची भीती. संशोधकांनी या भीतीला अनुभवाचा आधार नाही असे ठरवून ती भावनेच्या खाती टाकली. दिवस जागतिक मंदीचे होते. १९३२ च्या मे महिन्यात काम उरले नाही म्हणून ते निरीक्षणच बंद करावे लागले.

पुढे १९३६ पासून कंपनीने सल्लागार नेमले. ते खात्याखात्यांतून हिंडत, कामगाराचे मन लावून ऐकत. मात्र ऐकलेल्यावर काही करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. वीस वर्षांनी, १९५६ साली, तीही योजना आटोपली.

पंख्याच्या प्रकरणानंतर आमच्या कचेरीतल्या वहीत मी तीन रकाने आखले आहेत. पहिल्यात कामगार काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, दुसऱ्यात आणखी बोलल्यावर काय निघाले ते, तिसऱ्यात आपण काय केले ते. तिसरा रकाना पुष्कळदा कोराच राहतो. वही टेबलावर उघडी असते, आणि कामगार येतात ते आधी तोच रकाना पाहतात.