गार असताना सुरू, गरम झाली की बंद : डिझेल पंपाची गोष्ट

जुन्या डिझेल गाडीवाल्यांची एक तक्रार मी सोलापुरात दर उन्हाळ्यात ऐकतो. सकाळी गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते. मोहोळपर्यंत जाऊन आलं, दहा मिनिटं थांबलं, की मग बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारा, इंजिन दाद देत नाही. लगेच कुणीतरी निकाल देतं, 'पंप गेला.' खर्चाचा आकडा ऐकून चांगली गाडी भंगारात जाते. म्हणून आज पंपाचा इतिहास सांगतो, कारण दोषाचं मूळ त्यातच आहे.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली जर्मनीत यशस्वी झालं. पण त्यात इंधन आत ढकलायला दाबलेली हवा लागायची, आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर. कारखान्यात ठीक, गाडीत तो ठेवणार कुठं? रॉबर्ट बॉशच्या कंपनीनं १९२२ च्या अखेरीस हा प्रश्न हाती घेतला आणि १९२७ मध्ये पंपाचं उत्पादन सुरू केलं. आधी ट्रक, मग १९३६ मध्ये मर्सिडीजची २६० डी ही मोटार.

पंपाची करामत एका फटीत आहे बघा. नळीत दांडा, म्हणजे बॅरलमध्ये प्लंजर. मध्ये रबरी सील नाही. दोघांतली फट दोन-तीन मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी. दाब टिकतो तो या फटीच्या भरवशावर.

आपल्याकडे सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्याच कंपनीची पद्मिनी १९९० च्या दशकात डिझेलमध्येही आली. १९५१ मध्ये बंगळूरला मायको सुरू झाली, पुढं नाशिकलाही कारखाना आला. नाशिककरांचा मायको सर्कल तो हाच.

आता खरी मेख. ट्रकच्या लांबट पंपात कॅमला इंजिन ऑईल मिळतं. लहान मोटारींत आला तो बहुधा गोल, रोटरी पंप. एकच पंपिंग भाग सगळ्या सिलेंडरना आळीपाळीनं डिझेल देतो, आणि त्याचं वंगण म्हणजे डिझेलच! त्यात रॉकेलची भेसळ किंवा पाणी आलं, की धातूवर धातू घासतो आणि फट वाढते. सकाळी गार, दाट डिझेल ती फट झाकून नेतं. गरम डिझेल पातळ होऊन फटीतून मागं निसटतं. सेल्फवर इंजिन हळू फिरतं, त्यामुळं नोझल उघडण्याइतका दाबच होत नाही. सोलापूरच्या बेचाळीस डिग्रीत हे आधी उघडं पडतं, एवढंच.

मग तपास कसा करायचा? पहिली शंका हवेची. फिल्टर ते पंप या पाइपाच्या जागी थोडा वेळ पारदर्शक नळी लावा. बुडबुडे दिसले तर पाइप, वॉशर, फिल्टरची सीट बघा, पंपाला हात लावू नका. दुसरं, गार असतानाच त्रास आणि गरम झाल्यावर ठीक, तर आधी हीटर प्लग तपासा. तिसरं, गरम गाडी सुरू होत नसेल तर पंपावर ओलं फडकं ठेवून थोडं थांबा. गाडी सुरू झाली, तर हेड-रोटर झिजल्याचा संशय बळावतो. तेव्हाच पंप उतरवून डिझेल लॅबमध्ये टेस्ट बेंचवर लावा. काहीच फरक नाही? मग फिल्टर आणि बंद करायचा सोलेनॉइड बघा. आणि हो, चालू नोझलच्या फवाऱ्यासमोर हात नको. तो दाब कातडीतून आत शिरतो.

मिस्त्रीनं 'पंप गेला' म्हटलं, तर एकच विचारा, 'गारला की गरमला?' उत्तर नीट आलं, तरच पाना चालवू द्या.