मगनवाडीतला लाखाचा हिशेब

डिसेंबर १९३५. वर्ध्याच्या मगनवाडीत एक अमेरिकन बाई गांधीजींना भेटायला आल्या. मार्गारेट सँगर त्यांचे नाव. संततिनियमनाच्या जगभरातल्या चळवळीतले ते सर्वांत ठळक नाव होते. हिंदुस्थानातल्या गरिबीचा वाढत्या लोकसंख्येशी संबंध आहे आणि गांधीजींनी शब्द टाकला तर खेड्यापाड्यांत तो ऐकला जाईल, एवढ्या आशेने त्या आल्या होत्या. बोलणे पुष्कळ झाले. गांधीजी आत्मसंयमावर ठाम राहिले, बाई साधनांवर ठाम राहिल्या. दोघांनी एकमेकांचा आदर राखला, मत मात्र कोणीच बदलले नाही.

या भेटीविषयी बरेच लिहिले गेले आहे. पण त्याच मगनवाडीत त्या काळात आणखी एक माणूस काम करत होता, आणि माणसे किती व अन्न किती या प्रश्नाकडे तो अगदी निराळ्या बाजूने बघत होता. त्याच्याकडे वळण्याआधी थोडे मागे जावे लागेल.

इंग्लंडमधल्या थॉमस माल्थस या पाद्र्याने १७९८ साली एक निबंध लिहिला. माणसे चक्रवाढीने वाढतात आणि धान्य सरळ बेरजेने वाढते, हे त्याचे सूत्र. अडवले नाही तर लोकसंख्या पंचवीस वर्षांत दुप्पट होते, असे त्याने अमेरिकेतल्या वसाहतींवरून धरले. हाच माल्थस १८०५पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी येथील कॉलेजात प्राध्यापक होता. हिंदुस्थानात कारभार करायला येणारे तरुण गोरे अंमलदार त्याच्या हाताखाली शिकून येत. आपल्याकडच्या दुष्काळांकडे निसर्गाचा न्याय म्हणून बघण्याची सवय सरकारदरबारी रुजली, तिचे एक मूळ या वर्गखोल्यांत आहे, असे मला वाटते.

आता हे सूत्र वर्धा जिल्ह्याला लावून बघू. जिल्हा झाला १८६२ साली, नागपूरपासून वेगळा काढून. १८८१च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या होती सुमारे ३ लाख ८७ हजार. माल्थसच्या हिशेबाने १९०६पर्यंत ती पावणेआठ लाखांच्या घरात जायला हवी होती. प्रत्यक्षात काय झाले? १८९१ साली सुमारे चार लाख, आणि १९०१ साली ३ लाख ८५ हजार. वीस वर्षांत वाढ नाहीच, उलट दोन हजारांची घट! पावणेआठ लाखांचा टप्पा गाठायला १९७१ साल उजाडले. पंचवीस वर्षांचे काम नव्वद वर्षांनी झाले.

मधे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ येऊन गेले. माल्थसचा चेला म्हणेल, पाहा, माणसे जास्त झाली, अन्न कमी पडले, निसर्गाने हिशेब चुकता केला. पण चार लाख माणसे वर्धा जिल्ह्याला जास्त होती म्हणावे, तर आज तिथे त्याच्या तिपटीहून अधिक माणसे राहतात. मग बिघडले कुठे? अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध सुरू झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि हिंगणघाटच्या कापसाला एकदम मोल आले. पाठोपाठ १८६७ साली मुंबईहून नागपूरला जाणारी आगगाडी वर्ध्यावरून धावू लागली. खेड्याचे पोट आता दूरच्या बाजारभावाला बांधले गेले. दुष्काळात पीक बुडाले हे खरे. पण त्याबरोबर मजुरीही बुडाली, आणि ज्याची मजुरी बुडाली त्याला बाजारातल्या धान्याचा काय उपयोग? माल्थसच्या सूत्रात ना भाव आहे, ना मजुरी, ना रेल्वे.

माल्थसच्या सूत्राला पहिला शहाणा लगाम घातला बेल्जियमच्या पिएर व्हेरहुल्स्ट या गणितज्ञाने, १८३८ साली. त्याचे म्हणणे गायरानाच्या उदाहरणाने सहज समजेल. समजा, एका गायरानावर जास्तीत जास्त हजार जनावरे पोसली जातात, आणि चारा मुबलक असेल तर कळप वर्षाला दहा टक्क्यांनी वाढतो. जनावरे शंभर आहेत तेव्हा गायरानाचे दहापैकी नऊ भाग मोकळे, म्हणून वर्षाला नऊ वाढतात. पाचशे झाली की अर्धे मोकळे, वाढ पंचवीस. नऊशे झाली की एकच भाग मोकळा, वाढ पुन्हा नऊ. म्हणजे आलेख आधी हळू चढतो, मधे झपाट्याने, आणि मग मर्यादेजवळ येऊन सपाट होत जातो.

गणित देखणे आहे. लोक मात्र ते विसरून गेले. १९२० साली रेमंड पर्ल आणि लोवेल रीड या अमेरिकनांनी तीच वक्ररेषा पुन्हा शोधली आणि आपल्या देशाची कमाल लोकसंख्या सांगून टाकली: सुमारे १९ कोटी ७३ लाख. १९७० उजाडायच्या आतच अमेरिकेने ती ओलांडली. आज तिथे तेहतीस कोटींहून अधिक लोक आहेत. वक्ररेषेचा आकार चुकला नव्हता. चुकले ते गायरान कायमचे हजार जनावरांचेच असते हे गृहीत.

आता येऊ मगनवाडीतल्या माणसाकडे. जे. सी. कुमारप्पा मूळचे तंजावरचे, जन्म १८९२चा. लंडनला हिशेबतपासनीस झाले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहार शिकले. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा तो उभारण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीच्या जागेत घाणी, हातकागद, मधमाश्या यांचे प्रयोग सुरू झाले. पुढे जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक लिहिले. त्याला गांधीजींची प्रस्तावना आहे, १९४५ सालची.

या पुस्तकात एक कोष्टक आहे. हिशेबनिसाने मांडावे तसेच, कोरडे. कुमारप्पांनी प्रश्नच उलटा केला. ही जमीन किती माणसे पोसेल, असे त्यांनी विचारले नाही. एक लाख माणसे धरली, आणि प्रत्येकाला समतोल आहार व अंगभर कपडा मिळायचा तर कुठल्या पिकाला किती एकर द्यावे लागतील, ते मांडले. धान्य दिवसाला सोळा औंस, म्हणजे एक पौंड. मग डाळ, गूळ, तेल, तूप, दूध, भाजीपाला, फळे. आणि कपड्यासाठी कापूस. आधी ताट, मग शेत.

तो हिशेब आपणही करून बघू. रोज एक पौंड म्हणजे माणशी वर्षाला सुमारे १६५ किलो धान्य. लाख माणसांना साडेसोळा हजार टन. २०११च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्यात तेरा लाख माणसे होती. त्यांना लागेल दोन लाख पंधरा हजार टन. हेक्टरी एक टन पीक धरले, तर जिल्ह्याच्या सव्वासहा लाख हेक्टरांच्या एकूण क्षेत्रापैकी एक तृतीयांश फक्त धान्याला हवे. आज त्या शिवारात कापूस, सोयाबीन आणि तूर दिसते. ज्वारी शोधावी लागते.

कुमारप्पांच्या कोष्टकातही उणिवा आहेत. सरासरी उत्पन्न धरले की कोरडवाहू काळ्या रानाची लहर त्यात सापडत नाही; पाऊस सरासरीने पडत नसतो. आणि सगळ्यांनी ठरवून तेवढेच पेरावे, तर ठरवणार कोण आणि न ऐकणाऱ्याचे काय, याचे मला पटेल असे उत्तर त्यांच्याकडे दिसत नाही. पण त्यांचा दुसरा भेद आजही उपयोगी पडतो. कोळसा, तेल, खनिजे हा भरलेला रांजण. जितके काढाल तितके कमी. जंगल, नदी, बैलाचे बळ हा वाहता झरा. वाहत्यातले घेतले तर आटत नाही. १९७२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी संगणकावर जगाचे प्रतिमान चालवून वाढीच्या मर्यादा सांगितल्या, तेव्हा मोठी खळबळ झाली. पुढच्याच वर्षी शूमाकर यांचे ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ आले, आणि त्यात कुमारप्पांचा दाखला होता.

वर्ध्याची वक्ररेषा आता सपाट होत चालली आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढला, वर्धा जिल्हा अवघ्या पाच टक्क्यांनी. व्हेरहुल्स्ट असता तर म्हणाला असता, गायरान भरले. पण घरे लहान झाली आहेत, आणि पोरे नागपूर-पुण्याला गेली आहेत. गायरान सोडून जाणारे जनावर त्याच्या समीकरणात नव्हते. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. तिथे माणसे फार झाली होती म्हणून हे घडले, असे कोणीच म्हटले नाही.

२०२१ची जनगणना वेळेवर झाली नाही. नवा आकडा हाती येईल तेव्हा त्याला १६५ने गुणून बघा, आणि मग सेवाग्राम रोडने जाताना दुतर्फा काय पेरले आहे तेही बघा.