गाठी नसलेल्या गाठींची कुळकथा

अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला देशभरातून माणसं ज्या शिरपूर जैनला येतात, त्याच गावातली सतरा वर्षांची एखादी मुलगी आईबरोबर सोनोग्राफीसाठी वाशीमला निघाली आहे असं समजा. तीन महिने पाळी आलेली नाही. बाटलीभर पाणी पिऊन, लघवी दाबून ती बाकावर बसते. समोरच्या भिंतीवर गर्भलिंगनिदान केलं जात नाही असा फलक. नंबर लागतो, पोटावर गार जेल फिरतं, आणि थोड्या वेळाने हातात कागद पडतो: दोन्ही ओव्हरी बल्की, कडेने मल्टिपल फॉलिकल्स, पीसीओडी. घरी पोचेपर्यंत त्या कागदाचं भाषांतरही झालेलं असतं. ‘पोरीले गाठी निघाल्या म्हने.’ पाठोपाठ आईच्या मनात एकच प्रश्न: लग्नानंतर हिला मूल होईल ना?

मुळात या गाठी गाठीच नाहीत. तरी त्या कागदावर कशा आल्या, याची गोष्ट तीनशे वर्षं मागे जाते.

1721 साली इटलीतल्या अंतोनियो वालिस्निएरी या वैद्याने एका तरुण, अंगाने भरलेल्या, मूल न झालेल्या शेतकरी बाईच्या बीजांडकोशांचं वर्णन लिहून ठेवलं. ते नेहमीपेक्षा मोठे, खडबडीत, पांढुरके, चकचकीत, कबुतराच्या अंड्यांसारखे होते. डोळ्यांना दिसलं ते त्याने लिहिलं. दोनशे वर्षांनी, 1921 मध्ये, पॅरिसच्या आशार आणि तिएर या डॉक्टरांनी दाढी येणाऱ्या बायकांच्या मधुमेहावर लिहिलं. एकीकडे बीजांडकोश, दुसरीकडे साखर आणि केस. हे दोन धागे एकाच दुखण्याचे असतील, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

नाव मिळालं ते शिकागोत. मायकेल रीस हॉस्पिटलमधले आयर्व्हिंग स्टाइन पोटात वायू भरून एक्स-रे काढत, म्हणजे बीजांडकोशाची सावली वेगळी दिसे. पाळी न येणाऱ्या काही बायकांमध्ये ती सावली फारच मोठी दिसली. तपासणीसाठी बीजांडकोशाचा तुकडा काढला, तर त्यानंतर पाळी सुरू झाली. मग स्टाइन आणि त्यांचे सहकारी मायकेल लेव्हेंथाल यांनी ठरवूनच बीजांडकोशाचा मोठा भाग पाचरीसारखा कापून काढायला सुरुवात केली. 1935 मध्ये त्यांनी सात जणींची हकीकत छापली. सातही जणींची पाळी परत आली, दोघींना दिवस गेले. अनेक वर्षं हे दुखणं ‘स्टाइन-लेव्हेंथाल’ म्हणूनच ओळखलं गेलं. पण त्यांच्या लेखाच्या मथळ्यात ‘पॉलिसिस्टिक’, म्हणजे पुष्कळ सिस्ट असलेले, हा शब्द होता. तो चिकटला तो चिकटलाच.

घोळ आहे तो याच शब्दात. दर महिन्याला बीजांडकोशात काही बारीक पिशव्या वाढू लागतात. त्यातली एक पुढे जाते, साधारण वीस मिलिमीटरची होते, फुटते आणि बीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये (कागदावरचं पीसीओडी ते हेच) ही शर्यत मध्येच थांबते. कुणीच पुढे जात नाही, आणि काही मिलिमीटरच्या पिशव्या कडेने रांग धरून बसतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर ती रांग मोत्यांच्या माळेसारखी दिसते, डॉक्टरही तिला तेच म्हणतात. ही सारी न वाढलेली बीजं. ती कापून काढायची नसतात.

मराठीत ‘पाळी’ म्हणजे क्रम, वेळ. पाळीपाळीने पाणी भरतात तीच. आणि पाळी चुकली की लग्न झालेल्या बाईला दिवस गेले, असाच अर्थ आपली भाषा लावते. पाळी चुकतेय आणि दिवसही गेलेले नाहीत, या अवस्थेला घरगुती शब्दच नव्हता. ती जागा ‘गाठी’ने घेतली. एका चुकीच्या इंग्रजी नावाचं त्याहून भीतीदायक मराठी झालं.

दोन सुटे धागे जुळले 1980 मध्ये. अशा बायकांच्या रक्तात इन्शुलिन वाढलेलं असतं आणि त्याबरोबर पुरुषी संप्रेरकंही वाढलेली असतात, हे तेव्हा दाखवलं गेलं. वाढलेलं इन्शुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरक जास्त तयार करायला लावतं. त्यातून हनुवटीवर केस येतात, पुटकुळ्या येतात, बीज पिकत नाही. म्हणजे मूळ बिघाड फक्त ओटीपोटातला नाही, साऱ्या शरीराचा आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम इथे महत्त्वाचं ठरतं. 2004 मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचं आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र शेजारी शेजारी छापलं. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. पीसीओएसवरचा हा अभ्यास नव्हे, पण अशा लपलेल्या चरबीनेही इन्शुलिन वाढू शकतं; ‘पोरगी तर काडीसारखी आहे, तिला कसलं इन्शुलिन?’ असं म्हणणाऱ्या घराने तो फोटो जरूर पाहावा.

मूल होण्याचं काय? पाचरीची शस्त्रक्रिया मागे पडली, कारण कापलेल्या जागी आतडी आणि नळ्या चिकटत आणि त्यानेच नवं वंध्यत्व येई. 1961 मध्ये रॉबर्ट ग्रीनब्लाट यांनी क्लोमिफिन या गोळीने बीज बाहेर पडतं हे दाखवलं. मग आलं लेट्रोझोल, मूळचं स्तनाच्या कर्करोगाचं औषध. भारत सरकारने 2011 मध्ये वंध्यत्वासाठी त्याचा वापर थांबवला आणि 2017 मध्ये पुन्हा परवानगी दिली. मधल्या काळात, 2014 मध्ये, अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्या 27.5 टक्के बायकांना मूल झालं, क्लोमिफिन घेणाऱ्या 19.1 टक्क्यांना. आज पहिली पसंती त्यालाच. वजन जास्त असेल तर ते पाच-दहा टक्के उतरलं तरी पुष्कळ जणींची पाळी रुळावर येते. बहुतेकींना मूल होतं. काहींना उशिरा, काहींना गोळ्यांनी, थोड्यांना टेस्ट ट्यूबच्या वाटेने. शिरपूरच्या त्या आईला हे पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं.

निदानाची व्याख्याही हलत राहिली. 2003 मध्ये रॉटरडॅमला ठरलं की अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचा जोर आणि सोनोग्राफीतली ती माळ, या तिन्हींपैकी दोन गोष्टी हव्यात. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मुंबईतल्या 15 ते 24 वयाच्या मुली तपासल्या. 2014 मध्ये छापलेले त्यांचे आकडे असे: रॉटरडॅमच्या मापाने 22.5 टक्के मुलींना पीसीओएस, दुसऱ्या, कडक मापाने 10.7 टक्के. मुली त्याच. माप बदललं आणि निम्म्याहून जास्त जणी आजारातून बाहेर! अमेरिकेच्या आरोग्य संस्थेने नेमलेल्या समितीने 2012 मध्ये तर साफ सांगितलं की हे नावच दिशाभूल करतं, बदला.

2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत एक वाक्य आहे, ते वाशीमच्या त्या कागदाशेजारी ठेवायला हवं: पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत पीसीओएसच्या निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये. त्या वयात निरोगी मुलीच्या बीजांडकोशातही अशा पिशव्या भरपूर असतात. तेराव्या वर्षी पाळी आलेल्या मुलीला सतराव्या वर्षी ‘गाठी’ दिसल्या तर नवल नाही. म्हणून तिला काही झालेलं नाही असं नव्हे. तीन महिने पाळी येत नसेल तर थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, सगळं पाहावं लागतं. पण पीसीओएसचा निवाडा सोनोग्राफीच्या त्या चित्रावरून होत नाही.

सोनोग्राफीच्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात बहुतेकदा एक ओळ असते: क्लिनिकली कोरिलेट करा. म्हणजे मुलीला विचारा, तिला तपासा, मग ठरवा. चांगली डॉक्टर आधी तारखा विचारते. त्या बहुधा घरच्या कालनिर्णयवर असतात, दुधाच्या हिशोबाशेजारी, पेनने केलेल्या लहान गोलांत, आणि आईला विचारलं तर ती पाठ सांगते.