‘रिव्होल्यूशन’ : परतीचा शब्द

राजसत्ता उलथून पडली व जुन्या व्यवस्थेच्या जागीं नवी आली, कीं त्या घटनेस इंग्रज लोक ‘रिव्होल्यूशन’ म्हणतात व आपण ‘क्रांति’ म्हणतों. परंतु या इंग्रजी शब्दाचें मूळ पाहूं गेल्यास आम्हांस अगदीं उलट अर्थ आढळतो. लॅटिन भाषेंतील ‘रेव्हॉल्व्हेरे’ म्हणजे मागें फिरविणें. त्यापासून झालेला हा शब्द फ्रेंचमधून चौदाव्या शतकांत इंग्रजींत आला, तो आकाशस्थ ज्योतींच्या भ्रमणास उद्देशून. कोपर्निकसाच्या १५४३ सालच्या लॅटिन ग्रंथाच्या नांवांतही तो याच अर्थानें आहे. ग्रह फिरतो आणि निघाल्या ठिकाणीं परत येतो, हाच त्यांतील भाव.

राजकारणांतही हा भाव पुष्कळ काळ टिकला. १६४९ सालीं इंग्रजांनीं पहिल्या चार्लस राजाचा शिरच्छेद केला. पण १६६० सालीं त्याचा मुलगा गादीवर आला, तेव्हां त्या पुनरागमनास समकालीनांनीं हा शब्द लाविला. १६८८ सालीं दुसऱ्या जेम्सला घालवून विल्यम व मेरी यांस राज्य देणारेही, आपण प्रजेचे पुरातन हक्कच पुनः स्थापीत आहों, असें म्हणत होते.

१७८९ सालीं मात्र चक्र फिरलें. बास्तीयचा किल्ला पडल्यावर, हें बंड नसून रिव्होल्यूशन आहे, असें लियांकूरच्या ड्यूकनें सोळाव्या लुईस सांगितल्याची आख्यायिका आहे. बंड मोडतां येतें. ग्रहाची गति कोण अडविणार? पुढें फ्रेंचांनीं २२ सप्टेंबर १७९२ पासून नवी कालगणनाच धरली. परतीचा शब्द असा न परतण्याचा झाला!

तथापि नेपोलियननें १८०६ च्या आरंभापासून ती कालगणना बंद केली, आणि १८१४ सालीं बूर्बाँ घराणें गादीवर परत आलें. शब्दाचा जुना अर्थ जणूं दबा धरून बसला होता.

आपला ‘क्रांति’ शब्दही ज्योतिषांतलाच; सूर्याच्या भासमान मार्गास आपण क्रांतिवृत्त म्हणतों. त्याचा धातु ‘क्रम्’, म्हणजे पाऊल टाकणें, ओलांडणें. त्यांत मागें वळण्याची सूचना नाहीं. पण त्याच धातूची संक्रांत दरवर्षीं फिरून येतेच. म्हणून क्रांतीचा जयघोष करणाऱ्यांनीं काय मोडलें एवढेंच न पाहतां, चाक फिरल्यावर काय पुनः वर आलें, हेंही पाहावें, असें आम्हांस वाटतें.