आधी गाडी, मग घर

‘घर पाहावे बांधून’ या म्हणीत घर बांधणाऱ्याने काय काय सोसले असेल ते सारे येते. पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर बांधलेल्या आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाची कथा त्याहून विचित्र आहे. तेथे घराच्या आधी गाडी आली आणि घर पूर्ण होताच गाडी मोडीत निघाली.

१९६९ साली, माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी, उपाध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकी समितीने अवकाशाचा पुढचा आराखडा मांडला. त्यात पृथ्वीभोवती फिरणारे कायमचे स्थानक होते आणि तेथे माणसे व सामान नेण्यासाठी पुन्हा पुन्हा वापरता येणारे यान होते. स्थानक हे साध्य, यान हे साधन. पुढे पैशांची ओढाताण झाली. ५ जानेवारी १९७२ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी मंजुरी दिली ती केवळ यानाला. साध्य मागे पडले, साधन तेवढे उरले.

या एका निर्णयाने स्पेस शटलचे भवितव्य ठरले, असे म्हणता येईल. पुनर्वापराचे सारे अर्थशास्त्र वारंवारतेवर उभे असते. एसटीची बस रोज धावते म्हणून तिकीट परवडते. तीच बस वर्षातून चारदा काढली तर ते कोणालाच परवडणार नाही. शटलची वर्षाला पन्नासएक उड्डाणे होतील असा हिशेब मांडला गेला होता. प्रत्यक्षात एका वर्षातील सर्वाधिक उड्डाणे झाली ती १९८५ मध्ये, आणि ती होती अवघी ९. प्रत्येक फेरीनंतर उष्णतारोधक फरशा तपासाव्या लागत, इंजिनांची देखभाल करावी लागे, आणि इंधनाची प्रचंड बाह्य टाकी तर दर वेळी नष्टच होत असे. शिवाय जायचे ठिकाणही नव्हते. स्कायलॅब हे जुने स्थानक शटलच्या साहाय्याने वर उचलण्याचा विचार होता. पण शटल तयार होण्याआधीच, ११ जुलै १९७९ रोजी, ते कोसळले. ते आपल्या डोक्यावर पडेल या धास्तीचे ते दिवस भारतातही अनेकांच्या स्मरणात आहेत.

स्थानकाची घोषणा अध्यक्ष रेगन यांनी १९८४ मध्ये केली. ते दहा वर्षांत उभे राहायचे होते. त्याऐवजी आराखडे बदलत राहिले, आणि जून १९९३ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहात हा प्रकल्प केवळ एका मताने वाचला. त्याच वर्षी रशिया भागीदार झाला. रशियन याने बैकानूरहून पोहोचू शकतील अशी, विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करणारी कक्षा निवडावी लागली. तेथवर जाताना शटलला कमी वजन नेता येई. पण हीच तडजोड पुढे तारक ठरली.

नोव्हेंबर १९९८ मध्ये रशियाच्या प्रोटॉन अग्निबाणाने ‘झार्या’ हा पहिला भाग वर नेला. डिसेंबरमध्ये एन्डेव्हर शटलने ‘युनिटी’ नेऊन त्याला जोडला. पुढचे बहुतेक मोठे भाग शटलच्या सुमारे १८ मीटर लांब आणि साडेचार मीटर रुंद पोटात मावतील अशा बेतानेच घडवले गेले. सामानासाठी इटलीत बनवलेल्या मोठ्या पेट्या होत्या. त्या भरून जात आणि परत येत.

परंतु बांधकामाला मुदत असते आणि मुदतीचे दडपण असते. ‘नोड २’ हा भाग १९ फेब्रुवारी २००४ रोजी पाठवायचा, असे ठरले होते. त्या तारखेपर्यंतचे दिवस मोजणारे चित्र नासाच्या संगणकांच्या पडद्यांवर झळकत असे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना फुटले. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले. ते उड्डाण स्थानकाकडे जाणारे नव्हते; तरीही, टाकीवरून फेस सुटत असताना उड्डाणे चालू राहिली त्यामागे स्थानकाचे वेळापत्रक होते, याची नोंद चौकशी मंडळाने घेतली.

पुढची जवळपास अडीच वर्षे शटल उडाले नाही. स्थानकावर तिघांऐवजी दोघेच राहू लागले. त्यांना जगवले ते सोयूझ आणि प्रोग्रेस या एकदाच वापरायच्या जुन्या रशियन यानांनी. डिसेंबर २००४ मध्ये अन्न इतके कमी झाले की दोघा अंतराळवीरांना आहार घटवावा लागला. नाताळच्या दिवशी प्रोग्रेस पोहोचले तेव्हा तो प्रश्न सुटला. रसद पोहोचवून कचऱ्यासह वातावरणात जळून जाणारे हे यान दिसायला सामान्य. पण ते वेळेवर येत होते.

‘नोड २’ अखेर ऑक्टोबर २००७ मध्ये गेला आणि जुलै २०११ मध्ये शटलचे शेवटचे उड्डाण झाले. एकूण १३५ उड्डाणांपैकी ३७ या स्थानकाकडे गेली. इतके जड बांधकाम आणि ते जोडणारी माणसे एकाच फेरीत नेणारे दुसरे वाहन तेव्हा नव्हते, हे शटलचे श्रेय नाकारता येत नाही. मात्र पुनर्वापराची मूळ कल्पना सामान्य रसदीच्या कामी आली ती नंतर. एकदा जाऊन आलेले ड्रॅगन मालयान जून २०१७ मध्ये पुन्हा स्थानकावर गेले. ते लहान होते, त्याला जायला ठरलेले ठिकाण होते आणि तेथे वाट पाहणारी माणसे होती. १९६९ च्या आराखड्यात नेमके हेच अपेक्षित होते.