नाव आधी, पुरावा नंतर

मंडळी, आज दोन इंग्रजी शब्द. सिद्ध झालं ते ‘थिअरम’. खरं वाटतं पण सिद्ध नाही, ते ‘कंजेक्चर’. आता गंमत बघा. १६३७च्या सुमारास फर्मानं पुस्तकाच्या समासात लिहिलं: दोन धन पूर्णांकांच्या घनांची बेरीज कधीच घन होत नाही, वरच्या घातांचंही तेच. सिद्धता आहे, पण इथं जागा अपुरी! ती सिद्धता कुणालाच सापडली नाही. तरी इंग्रजीत नाव पडलं ‘फर्माज लास्ट थिअरम’. १९९३मध्ये अँड्र्यू वाइल्सनं केंब्रिजला सिद्धता मांडली, तर तपासणीत चूक निघाली. रिचर्ड टेलरच्या मदतीनं ती १९९४मध्ये सुधारली, १९९५मध्ये छापून आली. म्हणून कुणी ‘सिद्ध झालंय’ म्हटलं, की एवढंच विचारा: तपासलं कुणी?